साहेबाला तांबं कमी पडलं

उंबरशेतच्या समाजमंदिरात भांड्यांचे दोन ढीग होते. उजवीकडचा ढीग भागीबाईचा. हंडे, घागरी, पराती, बंब असं चढत चढत तो छताला लागायला आला होता, आणि सगळ्यात वर ठेवलेलं घंगाळ पंख्याच्या पात्याला टेकत होतं म्हणून पंखा बंद होता. डावीकडचा ढीग साहेबाचा. त्याला ढीग म्हणणं हे निव्वळ सौजन्य. त्यात एक चेपलेला गडवा होता, आणि चौकशी केल्यावर तोही कोणी दिलेला नसून उजवीकडून घरंगळत आलेला निघाला. त्याला सन्मानानं परत उजवीकडे ठेवण्यात आलं.

दोन्हींच्या मधे खुर्ची टाकून पुतळा समितीचे अध्यक्ष सहादूतात्या बेंडकुळे घाम पुसत बसले होते.

ज्यांना उंबरशेत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. नाशिकहून त्र्यंबकेश्वराला जाताना एका ठिकाणी रस्ता कारण नसताना वळतो, तेच उंबरशेत. इंग्रजांच्या काळात रस्त्याची आखणी करायला एक साहेब घोड्यावरून आला. आखणी सरळ भागीबाईच्या नागलीच्या वावरातून जात होती. दिवस वैशाखाचे, साहेबाच्या घशाला कोरड. त्यानं वरूनच पाणी मागितलं. भागीबाई म्हणाली, "आधी उतर. मग टोपी काढ. मग वाक." साहेब उतरला, टोपी काढली, वाकला, आणि तिनं वरून धरलेल्या तांब्याखाली ओंजळ करून पोटभर पाणी प्याला. मग उठून त्यानं रस्ताच वळवला. बांधकाम खात्याच्या मते हे वळण ओढ्यामुळे आहे. गावाच्या मते ओढाच भागीबाईमुळे तिथे आहे.

तर त्या भेटीचा पुतळा वळणावर उभा करायचा, आणि तोही ब्रॉन्झचा, असं ठरलं. ब्रॉन्झ म्हणजे तांबं आणि थोडं कथील. कथील विकत आणता येईल, पण तांबं घराघरातून यावं, ही कल्पना तात्यांची. ती सगळ्यांना आवडली. फक्त ज्या सभेत ती मांडली त्याच सभेत तात्यांना टाळ्यांचा जरा जास्तच जोर चढला आणि ते बोलून गेले, "ज्यानं ज्याच्यासाठी भांडं दिलं, ते त्याच्यातच जाईल! नाय गेलं तर अध्यक्षपद सोडीन!"

एवढं ऐकल्यावर आजीचा हंडा इंग्रजात घालायला कोण तयार होणार?

"काका, बाईत चार बायका होतील एवढं तांबं झालंय," तेजल म्हणाली. ही मूर्तिकार. नाशिकची पोरगी, अंबडकडच्या एका फाउंड्रीच्या मागच्या शेडमधे तिचं काम चाले. "थोडं साहेबाकडे वळवू या ना."

"शब्द दिलाय मी."

"मग साहेब होणार नाही."

"नाय तर नाय. बाई एकटी उभी राहील की, हातात तांब्या घेऊन."

"रस्त्याच्या कडेला, भांडं घेऊन, एकटी बाई," तेजल म्हणाली. "टँकरची वाट बघतेय असं वाटेल."

तात्यांनी पुन्हा घाम पुसला. उंबरशेतात उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नव्हता.

"साहेब फायबरचा केला तर?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. "तसा तो गोराच होता. पांढरा रंग मारला की झालं."

"पहिल्याच उन्हाळ्यात पोपडे निघतील."

"गोऱ्यांचे निघतातच," तात्या म्हणाले, पण तेजलनं ते मनावर घेतलं नाही.

त्यातून तिनं एकदा सहज सांगितलं होतं की पुतळा एकसंध ओतत नाहीत. हात वेगळा, डोकं वेगळं, पाय वेगळे, आणि मग सांधतात. झालं! लोक अवयव मागायला लागले. म्हाताऱ्या पुंजाबाबांनी बंब आणून टेकवला आणि म्हणाले, "हे डोक्यात घाल पोरी. लय लवकर तापायचा."

"मग बाई तापट होईल, बाबा."

"होतीच ती," पुंजाबाबा म्हणाले. "माझी खापरपणजी लागते."

मार्ग निघाला तो पुंजाबाबांच्या सुनेमुळे. सरितानं एक भरदार परात आणली, भागीबाईच्या ढिगावर ठेवली, दोन पावलं गेली, परत आली आणि परात उचलली.

"का गं?" तात्यांनी विचारलं.

"नको. बाईच्या अंगात हे नको." तिनं परात उलटी करून काठ दाखवला. आपल्याकडे भांडं दिलं की देणाऱ्याचं नाव त्यावर ठोकून घ्यायचं असतं, म्हणजे घेणाऱ्याला जन्मभर विसर पडत नाही. परातीवर ठसठशीत अक्षरात सरिताच्या मावससासूचं नाव होतं. "लग्नात दिली, अन् तेव्हापासून दर सणाला मोजून दाखवती. रोज घासताना तिचंच तोंड बघायचं. साहेबात घाला हिला."

"साहेबात कुठं?" तेजलनं विचारलं.

"कानात. जन्मात कुणाचं ऐकलं नाय तिनं."

परात डावीकडे ठेवली गेली. तात्यांनी त्या एकट्या परातीकडे पाहिलं, मग उजवीकडच्या छताला लागलेल्या ढिगाकडे. ते उठले, माइक लावायला सांगितला, आणि गावाला उद्देशून म्हणाले, "मंडळी, आपापल्या घरी जा. भांड्यांवरची नावं वाचा. जे नाव वाचून कपाळाला आठी पडंल, ते भांडं साहेबाचं!"

उंबरशेतनं असा उत्साह स्वातंत्र्यदिनालाही दाखवला नव्हता. संध्याकाळच्या आत साहेबाचा ढीग भागीबाईच्या बरोबरीला आला. सुनील पाटीदारानं थोरल्या साडूची घागर आणली आणि ती बुटात घालायला सांगितली, कारण साडू दारात बूट न काढता घरात येतो. एकाची सोयरीक मोडली होती पण कळशी राहिली होती, ती आली. निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवारानं घरोघर वाटलेले तांबे तर पोतं भरून आले. बाकी सगळी जुनी, जाड, चांगल्या तांब्याची भांडी. प्रेमाच्या माणसांनी हलकी भांडी दिली होती आणि ज्यांच्याशी फाटलं त्यांनी जड, असं काहीतरी चमत्कारिक सत्य त्या दिवशी उंबरशेताला कळलं.

आणि मग कोणीतरी मागून ओरडलं, "अध्यक्षांचं काय?"

तात्यांच्या घरी ओट्यावर पाण्याचा तांब्याचा हंडा होता. त्यावर ठोकलेलं होतं, 'चि. सौ. कां. मालन हिस बंधू दत्तू याजकडून सप्रेम'. मालनबाई म्हणजे तात्यांची बायको, आणि हा दत्तू म्हणजे मनमाडचा मेव्हणा. उभा जन्म रेल्वेत गेला. फलाटाला लागलेल्या गाडीची चाकं लांब दांड्याच्या हातोडीनं ठोकायची आणि आवाजावरून दोष ओळखायचा, हे त्याचं काम. रिटायर झाला तरी सवय गेली नाही. तात्यांच्या घरी आला की तो भिंत ठोकून बघे, दार ठोकून बघे, पाण्याची टाकी ठोकून बघे, आणि प्रत्येक वेळी मान हलवून म्हणे, "दाजी, पोकळ आहे." हे तात्यांनी तीन दशकं ऐकलं होतं.

मालनबाई त्या वेळी मनमाडलाच होत्या, भावाच्या घरच्या वास्तुशांतीला. गाव टाळ्या वाजवत होतं. तात्या घरी गेले, हंडा अंगणात ओतला, डोक्यावर घेतला आणि भर गल्लीतून मिरवत आणून डाव्या ढिगावर ठेवला.

"काका, हा कुठे घालू?" तेजलनं विचारलं.

"जिथं जागा असंल तिथं!" तात्या गरजले.

चार-सहा दिवसांनी मालनबाईंचा फोन आला. तात्या नेमके त्या मोकळ्या ओट्यासमोर उभे होते.

"पुतळ्याच्या कार्यक्रमाला येते मी, दादाला घेऊन. अन् ऐका, गाव भांडी देतंय म्हणे. आपला हंडा तेवढा देऊ नका बरं का."

"छे छे," तात्या म्हणाले.

"दादाच्या पयल्या पगाराचा हाय तो. आईनं घ्यायला लावला होता. आईची म्हणून तेवढी एकच वस्तू राहिली माझ्याकडं."

हे तात्यांना माहीत नव्हतं. संसार एवढा मोठा असतो की काही गोष्टी फोनवरच कळतात. त्यांनी फोन खिशात टाकला आणि मोटरसायकलला किक मारली ती थेट फाउंड्रीच्या दारात थांबवली.

"तेजल, तो माझा हंडा दे परत."

"काका, साचे तयारच होते. तो तर ओतला."

"कशात?"

तेजलनं जरा इकडेतिकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणाला होता, जिथे जागा असेल तिथे."

"हां, पण कुठं?"

"साहेब वाकलेला आहे ना," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "वाकलेल्या माणसाचा जो भाग सगळ्यात मोठा दिसतो, तिथे."

शेडमधे साहेब नुकताच सांधून उभा केला होता. तात्या त्याच्या पुढून गेले, मागे गेले, आणि बराच वेळ तिथेच राहिले. तेजलची कारागिरी पहिल्या दर्जाची होती. पाटलोणीची एकेक चुणी दिसत होती. "हे... रस्त्याच्या कोणत्या बाजूला येणार?"

"बाईचं तोंड गावाकडे हवं, असं तुमच्याच समितीनं ठरवलंय. गाव वळणाच्या नाशिककडच्या अंगाला, मग साहेबाची पाठ नाशिककडे."

म्हणजे नाशिकहून त्र्यंबकला जाणारी प्रत्येक गाडी वळणावर आली की आधी दत्तूचा हंडा बघणार. तात्यांनी गाडी ढकलतच काही अंतर नेली. चालू करायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मालनबाई कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भावासोबत आल्या. पिशवी खाली ठेवण्याआधी त्यांची नजर ओट्याकडे गेली.

"हंडा?"

"दिला," तात्या म्हणाले.

मालनबाई मटकन बसल्या. काही बोलल्या नाहीत, आणि तेच वाईट. त्यांच्या बोलण्याला तात्या सरावलेले होते. न बोलण्याला नव्हते. त्या पोकळीत तात्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं त्याचा त्यांनी आधी विचार केलेला नव्हता.

"अगं, भागीबाईच्या हातात तांब्या हाय ना, ज्यानं ती पाणी पाजती... तो आपल्या हंड्याचा केलाय. समद्या गावानं एकमतानं ठरवलं. म्हणले, तांब्याचं तांबं मालनबाईच्या माहेरचंच पाहिजे."

दत्तू भिंत ठोकायला निघाला होता. त्याचा हात तसाच राहिला. त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले आणि तात्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "दाजी," तो म्हणाला, "मी तुम्हाला आजवर ओळखलंच नाय."



दुसऱ्या दिवशी वळणावर मांडव पडला. गर्दी अपेक्षेपेक्षा फार झाली, आणि त्यात ओळखीचे चेहरे कमी आणि पाहुणे जास्त. तात्यांना याचा उलगडा होईना. पडदा उतरला, टाळ्या झाल्या. भागीबाई ताठ उभी होती, पदर कमरेला खोचलेला, हात उंच, तांब्या कललेला. साहेब तिच्यापुढे टोपी बगलेत धरून ओंजळ करून वाकलेला. दत्तू हार घेऊन तांब्याकडे निघाला, पण त्याच्या आधी तिथे एक ठेंगण्या आजीबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन पोचल्या होत्या.

"आजी, जरा सरका. माझा हंडा आहे त्या तांब्यात," दत्तू म्हणाला.

"हंडा? माझी परात हाय त्यात! सरितानं सांगितलं मला. म्हणली, मावशी, तुमच्या परातीचा तांब्या केला भागीबाईच्या हातातला."

"काय बोलताय बाई," मागून एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, पायात बूट तसेच. "ती आमची घागर आहे. सुनीलनं स्वतः फोन केला होता."

त्यांच्या मागे आणखी एक हार होता. त्याच्या मागे नारळ. रांग मांडवाबाहेर गेली होती. घरोघरच्या पाहुण्यांनी घरोघर विचारलं होतं, आमचं भांडं कुठंय, आणि घरोघर एकच उत्तर सुचलं होतं. एका वेळी एवढं एकमत उंबरशेतात पुन्हा होणं कठीण.

दत्तूनं तांब्याकडे पाहिलं. शेरभर पाणी मावेल एवढा. मग रांगेकडे पाहिलं.

"दाजी," तो शांतपणे म्हणाला, "हा तांब्या आहे का मालधक्का?"

मांडवात एकदम कालवा झाला. आजीबाई सरिताला शोधायला लागल्या, सुनील खुर्च्यांच्या मागे लपला, आणि माइकवर पाहुण्यांचं स्वागत चालूच होतं. मालनबाई गर्दीतून वाट काढत तात्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो. माझ्याकडं बघा."

तात्यांनी बघितलं.

"कुठंय?"

आता खोटं बोलायला जागा उरली नव्हती. तात्या त्यांना घेऊन पुतळ्याच्या मागे गेले. बोट करून दाखवणं सभ्यपणाला धरून नव्हतं, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. मालनबाईंनी पाहिलं. आईच्या आठवणीचा हंडा, वैशाखाच्या उन्हात, आभाळाकडे तोंड करून होता. एवढ्यात दत्तूही मागून आला, आणि त्यानंही पाहिलं.

"ह्यात?" तो म्हणाला.

"ह्यात," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज अध्यक्षांचा राहिला नव्हता.

नेमकी त्याच वेळी तेजल तिथे आली. तीन वडीलधारी माणसं एवढ्या एकाग्रतेनं बघताहेत म्हटल्यावर तिचा ऊर भरून आला. "छान उतरलाय ना? सगळ्यात अवघड भाग हाच होता, आजोबा. एवढी मोठी गोलाई, कुठेही छिद्र नाही. जुनं, एक नंबर तांबं होतं. बाकी सगळ्या पुतळ्यात दहा घरची भेसळ आहे, भागीबाईतसुद्धा. हा एवढाच भाग एका भांड्याचा. एक हंडा, आणि कथील. दुसऱ्या कोणाचं चमचाभरही तांबं नाही यात."

दत्तू पुढे झाला, वाकला, कान जवळ नेला आणि बोटाच्या पेरानं साहेबाला ठोकलं. एकदा. जरा बाजूला दुसऱ्यांदा. आवाज असा घुमला की पाहुण्यांचं स्वागत थांबलं.

"चोख!" दत्तू म्हणाला. तो सरळ झाला तेव्हा त्याची छाती फुगलेली होती. "मालन, आईनं पारख करून घेतला होता. एवढ्या पुतळ्यात निखळ आपलाच!"

आणि हातातला हार त्यानं साहेबाला मागून घातला. हार कमरेवर अडकला आणि दोन्ही बाजूंनी नीट ओघळला. मालनबाईंनी बोट कुंकवात बुडवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जिथे आई होती तिथे हळदकुंकू वाहिलं.

एकानं केलं की दुसऱ्याला राहवत नाही. रांग तांब्यापासून मोडली आणि मागे आली. पाहुणे आपापल्या यजमानांना कोपऱ्यात घेऊन खरं विचारायला लागले, आणि खरं बाहेर यायला लागलं: गुडघा, कोपर, टोपी, बूट. सरिताच्या मावससासूनं साहेबाच्या कानाला कुंकू लावलं आणि तिथेच तोंड नेऊन त्याला काहीतरी सांगत बसली. बरंच सांगायचं असावं. साहेब ऐकत होता. घागरवाले साडू बुटाला हार घालायला वाकले, तेव्हा त्यांनी स्वतःचे बूट काढून ठेवले होते. पाऊण तासानं साहेब फुलांनी झाकून गेला आणि भागीबाईकडे फक्त पुंजाबाबा उरले. ते म्हणाले, "पाणी पाजणाऱ्याला कोण विचारतं," आणि आपल्या खापरपणजीच्या सावलीत बसून राहिले.

एवढ्यात त्र्यंबकला जाणारी यात्रेकरूंची बस वळणावर आली. ड्रायव्हरला हार दिसले, कुंकू दिसलं, नारळांचा ढीग दिसला. त्यानं बस हळू केली. सगळ्या खिडक्यांतून हात बाहेर आले आणि जोडले गेले.

रात्री घरी मालनबाईंनी ताट वाढलं, आणि तात्या घास उचलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "हंडा कुठंबी गेला तरी माझा हाय."

"हाय की."

"मी इतकी वर्षं घासला. आता तुम्ही घासायचा."

अध्यक्षपद सोडता येतं. हे सोडण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून दर सणाच्या आधी सहादूतात्या चिंचेचा कोळ, मीठ आणि काथ्या घेऊन वळणावर जातात. सगळा पुतळा ऊनपावसानं काळवंडत चाललाय, तेवढा एक भाग मात्र सोन्यासारखा झळकतो. उन्हं कलली की नाशिकच्या बाजूनं येणाऱ्याला तो लांबूनच दिसतो आणि लोक आपोआप ब्रेक लावतात.

परवा अशीच एक जीप थांबली. मनोभावे घासत बसलेले तात्या बघून आतल्या बाईनं पायातली चप्पल काढली, खाली उतरली आणि नारळ पुढे केला.

"बाबा, कुठल्या देवाचं ठाणं म्हणायचं हे?"

तात्यांनी चिंचेचा हात धोतराला पुसला आणि नारळ घेतला.

"मेव्हण्याचं," ते म्हणाले.